करीम तांडेलांची झोप

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या बिल्किसने पेशंटची समस्या लिहिली : 'झोप लागत नाही. कारण : सतत जागा असतो.'

विद्यार्थिनींना शिकवणाऱ्या सगुणा सिस्टरांनी ते वाचून चष्मा काढला. "अगं, जागं राहणं हे लक्षण. तो जागा का राहतो, ते कारण. जा, शोध."

पेशंट होते करीम तांडेल. सारा जन्म जयगडच्या मचव्यावर, म्हणजे शिडाच्या होडीवर, गेलेला. आता पाय प्लास्टरमध्ये.

"चाचा, पाय दुखतो का?"

"नाय."

"घरची काळजी?"

"घरची मंडळी माझी काळजी करतात. मी कशाला करू?"

"मग झोप का येत नाही?"

"खाट हलत नाय गो पोरी. जमीन अशी मेल्यासारखी पडून राहिली, तर माणूस झोपेल कसा?"

बिल्किसने खाडाखोड करून लिहिलं : 'कारण : खाट स्थिर आहे.'

सिस्टरांनी ते वाचलं. म्हणाल्या, "कारण आहे खरं. मग उपायही कारणावरच करायचा."

डॉक्टरांनी 'हळू' असं बजावून परवानगी दिली. दुपारी बिल्किस आणि तिची मैत्रीण राही दोन टोकांना उभ्या राहून खाट डोलवू लागल्या. करीमचाचा बघता बघता घोरायला लागले.

शेजारच्या खाटेवर केरू होता, डोंगराकडचा शेतकरी. समुद्र त्याने कधी जवळून पाहिला नव्हता. डोलणारी खाट पाहून तो भडाभडा ओकला.

"पोट बिघडलंय," राही म्हणाली.

"सकाळी पोट ठणठणीत होतं त्याचं," सिस्टर म्हणाल्या. "कारण सांग."

राही चाचरली. "करीमचाचांची झोप?"

सिस्टरांना नाही म्हणता येईना. त्यांनी मधे पडदा लावला. पण खाटेची करकर पडद्यातून येतच होती, आणि केरू ओकतच होता. तेवढ्यात करीमचाचा झोपेतच गरजले, "वारा फिरला! शीड उतरवा!"

आवाजात असा काही हुकूम होता की वॉर्डबॉय सदूने धावत जाऊन सगळ्या मच्छरदाण्या खाली ओढल्या.

केरू पडद्याआडून रडकुंडीला येऊन म्हणाला, "बाई, माला हितंच उतरवा. मी चालत जाईन घरी."

"बंदराचा धक्का आला की मी स्वतः उतरवीन," सगुणा सिस्टर म्हणाल्या. "तोवर पडून राहा."

केरू मुकाट्याने आडवा झाला. ओकारी थांबली. सिस्टरांनी सुस्कारा सोडला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की केरूच्या खाटेचा दांडा आपण मघापासून दोन्ही हातांनी घट्ट धरून उभ्या आहोत.