खालचा सूर

हेमलता गेली तेव्हा तिचा नवरा बसवंत यशवंतपूरच्या कारखान्यात लेथवर होता. फोन दोनदा वाजला. चालू कट पुरा करून, मशीन बंद करून, हात पुसून मग त्यानं तो उचलला. वरच्या मजल्यावरची नीरजा बोलत होती.

"बसवंतअण्णा, असाल तसे या. हेमलताक्का..."

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं.

तेराव्यानंतर घर आवरताना फ्रिजवर तिची टिन व्हिसल दिसली. पत्र्याची, बोटभर जाडीची, शिट्टीसारखी समोर धरून वाजवायची. सहा छिद्रं. महिनाभर ती नीरजाकडं शिकत होती. जायच्या चार दिवस आधी हेमलतानं तीच त्याच्या ताटापाशी आणून ठेवली होती.

"अहो टर्नर, बघा की जरा. सगळी छिद्रं झाकली की खालचा सूर निघतच नाही. दम पुरत नाही."

"भांडताना बरा पुरतो!" तो हसला होता. "रविवारी बघतो."

रविवार ती गेल्यावर आला.

आता एकच भीती त्याच्या मागं लागली. खोट व्हिसलमध्ये होती, की तिच्या छातीत? छातीत असली, तर ती सांगत होती आणि त्यानं थट्टेवारी नेलं.

लेथवरच्या टर्नरच्या सवयीनं त्यानं व्हर्नियर घेऊन सहाही छिद्रं मोजली. नळी उजेडात धरली. चीर नाही, कुठं धारदार कड राहिलेली नाही. काम चोख होतं. मापात तरी खोट नव्हती.

राहिलं फुंकून बघणं. तो वर गेला.

"मला शिकव," तो नीरजाला म्हणाला.

पहिल्याच फुंकीला अशी किंकाळी उठली की खालचं कुत्रं भुंकू लागलं.

"अण्णा, लेथ आहे का ती? स्वल्प, हळू फुंका. वरनं एकेक बोट ठेवत खाली या."

"खालच्या सुराला दम जास्त लागतो?"

"उलट. सगळ्यात कमी. जोर केला की फाटतो. आणि नवख्याच्या बोटाखालून वारा सुटतो, मग निघतच नाही."

"हेमलताच्या बोटाखालून सुटायचा?"

"मी तेवढं बघितलं नाही, अण्णा."

दोन महिने तो रोज संध्याकाळी बसतो. लोखंड हाताळून बोटं राठ झालीत, छिद्र नीट लागत नाही, तरी बसतो. आता पाच छिद्रं झाकून सूर स्वच्छ येतो. सहावं झाकलं आणि सूर सहज निघाला तर? मग दम तिचाच कमी पडत होता. हा विचार आला की उजव्या हाताचं तिसरं बोट छिद्रावर नेता नेता तो व्हिसल खाली ठेवतो.

सहावं छिद्र त्यानं अजून झाकलेलं नाही.