बाईंच्या शब्दावर

"पाय ढिला सोड वो माय. असा ताठ काहून केला? चावत नाही हे कुंकू."

सत्यभामाबाईंनी पायलचा घोटा एका हातात धरला आणि तिचं पाऊल परातीतल्या कुंकवाच्या पाण्यात बुडवलं. पायलला गुदगुल्या झाल्या. ती खिदळली, पाय झटकला, आणि लाल पाणी बाईंच्या साडीवर उडालं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी ते पाऊल कोऱ्या कागदावर टेकवलं, वरून हलकेच दाबलं आणि उचललं. पाच बोटं, टाच, सगळं ठसठशीत उमटलं. भोवतीच्या बायांनी टाळ्या वाजवल्या.

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या पोरांचं स्वागत असंच होतं. सजवलेल्या बैलगाडीतून वस्तीभर मिरवणूक, मग पावलांचे ठसे, मग गुलाबाचं फूल, नवी पुस्तकं आणि गोड शिरा. दारव्ह्याला लागून असलेल्या या वस्तीत एका अंगाला बौद्धपुरा, दुसऱ्या अंगाला बंजाऱ्यांचा तांडा, मध्ये शाळा आणि शाळेच्याच आवारात सत्यभामाबाईंची अंगणवाडी. अंगणवाडीतली पोरं पहिलीत गेली की त्यांचे ठसे घ्यायचं काम दर वर्षी बाईंकडे. दुसऱ्या कुणी पाय धरला की पोरं भोकाड पसरत.

"बाई, संबोधी कुठी हाय?" पायलची आई राखी पदरानं लेकीचा पाय पुसत म्हणाली. "पायल सकाळपासून विचारून राह्यली. दोघी गाडीत संग बसनार होत्या."

"ताप आला तिले," बाई म्हणाल्या.

खोटं बोलायला माणसाला थोडी तरी तयारी लागते, पण बाईंना ती लागली नाही. हातातला पाय सोडून त्यांनी पुढच्या पोराचा पाय धरला आणि मान वर केली नाही. त्यांची नात संबोधी त्या वेळी दारव्ह्यातल्या कॉन्व्हेंटमध्ये, गळ्यात टाय बांधून, पहिल्या दिवसाचं गुड मॉर्निंग म्हणत बसली होती.

"आरं देवा! आजच्याच दिवशी?" राखी हळहळली. "लय आहे का ताप?"

"हाय थोडा."

शाळेचे रवी सर बाजूलाच गुलाबाची फुलं वाटत होते. त्यांच्या कानावर हे पडलं. संबोधीचं नाव आपल्या शाळेत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? पण सर फुलंच वाटत राहिले. कोणत्या तोंडानं बोलणार! त्यांची स्वतःची दोन्ही पोरं यवतमाळला इंग्रजी शाळेत. रवी सर शिकवायचे जीव तोडून, त्यांच्या हाताखालची तिसरीतली पोरं वर्तमानपत्र घडाघडा वाचायची, पण उन्हाळ्यात सर घरोघर फिरून "आपल्या शाळेत पोरं टाका" म्हणू लागले की बाया पदराआड हसायच्या. सरांचं कुणी ऐकत नसे. ऐकत ते बाईंचं.

आणि का ऐकू नये? वस्तीतल्या प्रत्येक लेकराचं पहिलं वजन बाईंनी केलेलं. कुणाला डोस पाजायचा, कुणाला दवाखान्यात न्यायचं, कुणाच्या नवऱ्याला दोन शब्द सुनवायचे, सगळं बाईंकडे. पायल जन्मली तेव्हा इतकी हलकी होती की राखीची सासू तिला हातात घ्यायला घाबरायची. त्या पोरीला बाईंनी रोज घरी जाऊन बघितलं होतं. तेव्हापासून राखी बाईंना विचारल्याशिवाय लेकीचे केसही कापत नसे.

म्हणूनच मे महिन्यात ती मोबाइल घेऊन बाईंकडे धावत आली होती. कॉन्व्हेंटमधल्या मोफतच्या जागांची सोडत निघाली होती आणि पायलचा नंबर लागला होता. राखीचा नवरा लालसिंग दारव्हा रोडवर काळी-पिवळी जीप चालवायचा. त्याचं म्हणणं, पोरीला तिथंच टाकू, नशिबानं आलं आहे. राखीला धीर होत नव्हता.

"तुमी सांगा, बाई. तुमी म्हनान तसं करू."

बाईंनी सांगितलं. दर वर्षी सगळ्यांना सांगायच्या तेच. "फी माफ हाय, पन बाकी सारं तुमच्याच अंगावर. अन घरी इंग्रजी कोन घेनार तिचं, तू का लालसिंग? पोरगी तिथं तोंड शिवून बसन, राखी. इथं रवी सर हायत, मी हाय, घरापासून हाकेवर शाळा हाय. कायले पाह्यजे ते लोढणं?"

राखी अजून घुटमळत होती. तेव्हा बाई म्हणाल्या, "माही संबोधी बी इथंच येईन ना. दोघी संग जातीन."

त्या दुपारी बाई जे जे बोलल्या त्यातलं हे एक वाक्य सोडलं तर बाकी सगळं खरं होतं. संबोधीचा अर्जही त्याच कॉन्व्हेंटसाठी भरलेला होता. बाईंच्या मुलानं, राजदीपनं, तो भरला होता आणि संबोधी प्रतीक्षा यादीत पहिली होती. कुणीतरी एकानं जागा सोडली की तिची वर्णी लागणार होती. बाईंना हे माहीत होतं. माहीत होतं पण त्या क्षणी डोक्यात नव्हतं, असं त्यांनी नंतर स्वतःला पुष्कळदा समजावून पाहिलं. ते काही पटलं नाही. डोक्यात तेच होतं. राखी "बरं, तुमी म्हनता तं राह्यलं" म्हणून निघाली तेव्हा बाईंना आधी आनंद झाला, आणि तो आनंद आहे हे ओळखून त्यांना तिथल्या तिथं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

तरी त्यांनी राखीला मागं बोलावलं नाही. आठ-दहा दिवसांत राजदीपच्या मोबाइलवर निरोप आला. सून दीपानं पेढे आणले, बाईंनी एक तोंडात टाकला.

का केलं, याचं उत्तर त्यांना देता आलं नसतं असं नाही. त्यांच्या वडलांनी उन्हातान्हात मजुरी करून त्यांना दहावीपर्यंत शिकवलं होतं. वडील म्हणायचे, शिक्षण अर्धं घ्यायचं नसतं. बाईंचं अर्धंच राहिलं, राजदीपचं कॉलेजात अडकलं. आता ही तिसरी पिढी. नात टाय लावून व्हॅनमध्ये बसलेली बघायची, एवढी एक हाव त्यांच्या मनात कधीची दबून होती. लोकांच्या लेकरांना आपली शाळा चांगली आणि आपल्या लेकराला मात्र दुसरी, हे रवी सरांनी केलं तेव्हा बाईंनीच त्यांना तोंडावर टोमणा मारला होता. निदान सरांनी कुणाच्या पोरीची जागा तरी घेतली नव्हती.

जूनभर राखी उमरखेडकडे माहेरी होती, म्हणून निभावलं. आली की सांगू, असं बाई रोज ठरवायच्या. ती आली, परवा तांड्यावर भेटलीही, आणि बाई पायलच्या दप्तराचं कौतुक करून परत फिरल्या.

ठसे घेऊन झाले. सगळ्यांना शिरा वाटला. बाई अंगणवाडीत गेल्या, पण त्या दिवशी त्यांचं कशात चित्त नव्हतं. लहान पोरांना गाणं शिकवताना मधलंच कडवं गाळलं. दुपारी त्या घरी आल्या, साडीवरचे लाल डाग धुवायला बसल्या आणि चोळत राहिल्या.

चारच्या सुमारास व्हॅन आली. संबोधी धावत घरात शिरली, आईच्या गळ्यात पडली, वर्गातल्या टीचरची नक्कल करून दाखवू लागली. दीपा हसून हसून बेजार झाली. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"बाई, हायत का घरी?"

राखी होती. एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या हाताला पायल. चालत नव्हे, धावतच आलेली दिसत होती.

"चला, आटपा," ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "आमचे हे रोडवर गाडी घेऊन उभे हायत. बसलेल्या सीटा उतरून देल्ल्या त्यायनं. सरकारी दवाखान्यात नेऊ संबोधीले. या तापाचं काही खरं नाही बाई, आमच्या भावाच्या पोराले असाच आलता, दोन दिवस घरी ठेवलं अन पस्तावलो. हा शिरा घ्या तिच्यासाठी. पायलनं आपला वाटा ठेवला, खाल्ला नाही."

बाई उठल्या. तेवढ्यात संबोधी आतून पळत आली. निळा स्कर्ट, पांढरे मोजे, गळ्यात लाल टाय.

"पायल! पाय, माह्या टायले इलॅस्टिक हाय! असा ताणला की आपोआप मांगं जाते!"

पायलनं हात पुढं केला, टाय ताणला, सोडला. टाय फट्कन परत गेला आणि दोघी हसल्या. राखी हसली नाही. ती टायकडे बघत होती, मोज्यांकडे, मग दोरीवर वाळत घातलेल्या दुसऱ्या स्कर्टकडे.

दीपाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती बिचारी पेढ्यांचा पुडा घेऊन बाहेर आली. "राखीताई, या ना आत. तोंड गोड करा. कॉन्व्हेंटले नंबर लागला संबोधीचा. वेटिंगले पहिली होती, कोनाची तरी जागा सुटली अन हिले भेटली पाहा. नशीब!"

राखीनं पेढा घेतला नाही. "नशीब," ती म्हणाली. मग बाईंकडे वळली. "आमचीच का वो, बाई?"

बाईंनी मान खाली घातली.

"तवा तुमाले माईत होतं? मी इचाराले आलती तवा?"

नाही म्हणणं सोपं होतं. राखीनं ते मानलंही असतं. तिला मानायचंच होतं, तिच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं. सकाळी इतकं सहज निघालेलं खोटं आता मात्र बाईंच्या जिभेवर येईना.

"हो," त्या म्हणाल्या. "माईत होतं."

दीपाचा हात पुड्यासकट खाली आला. ती एकदा सासूकडे, एकदा राखीकडे बघत राहिली, आणि तिला कळलं तेव्हा ती संबोधीला घेऊन गुपचूप आत निघून गेली. सुनेसमोर असं उघडं पडण्याची वेळ बाईंवर आयुष्यात आली नव्हती. अंगावरची कातडी सोलून निघावी तसं त्यांना झालं.

राखी ओरडली असती तर बरं झालं असतं. तांड्यावरच्या बाया भांडायला लागल्या की अख्खी वस्ती गोळा होते. बाईंनी तेही सोसलं असतं. पण राखीनं अगदी हळू आवाजात विचारलं, "मंग शाळा कशी हाय, बाई? ते तरी खरं सांगा. आपली शाळा चांगली हाय, का तेबी मले असंच सांगतलं तुमी?"

"चांगली हाय, राखी!" बाई एकदम पुढं झाल्या. "लय चांगली हाय. रवी सरासारखा मास्तर त्या कॉन्व्हेंटमध्ये सापडनार नाही. पायल शिकन, पुढं जाईन. मी सोता बसीन तिच्यापाशी रोज. खरं सांगून राह्यली मी."

आणि ते खरंच होतं. बाईंच्या आयुष्यातलं सगळ्यात खरं बोलणं कदाचित तेच असेल. त्या शाळेवर त्यांचा जीव होता, तिथली भिंत न् भिंत त्यांना ठाऊक होती. पण बोलता बोलता त्यांनाच ऐकू येत होतं की हा तोच आवाज आहे, मे महिन्यातला. शब्दसुद्धा तेच होते.

"मंग संबोधीले काहून नाही टाकलं?"

बाई म्हणाल्या, "संबोधीची शप्पथ घेऊन सांगतो, राखी..."

"लेकराची शप्पथ नका घेऊ वो, बाई," राखी म्हणाली. "तिनं काय केलं?"

रस्त्यावरून जीपचा हॉर्न ऐकू आला. लालसिंग खोळंबला होता. पायल आईचा पदर ओढत म्हणाली, "याडी, संबोधीले ताप हाय ना? मंग ते शाळेत कशी गेलती?"

"उतरला तिचा ताप," राखीनं सांगितलं. मग बाईंना म्हणाली, "डबा रिकामा करून देता का? उद्या पायलले लागन."

बाई डबा घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. आत दीपा कोपऱ्यात संबोधीचे मोजे काढत होती. तिनं सासूकडे पाहिलं नाही. बाईंनी शिरा वाटीत काढला, डबा घासला, विसळला, कोरडा पुसला. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात, पण घालतातच. ओट्यावर पेढे होते. बाईंचा हात तिकडे गेला आणि मागं आला. त्यांनी साखरेच्या बरणीत हात घातला, मूठ भरून घेतली आणि त्या दाराशी आल्या.

एका हातात उघडा डबा, दुसऱ्या हातात साखर. राखीनं मुठीकडे पाहिलं. तिला कळलं.

"राहू द्या, बाई," ती म्हणाली. "रिकामाच द्या."

तिनं डबा त्यांच्या हातातून घेतला, झाकण स्वतःच लावलं, आणि पायलचं बोट धरून रस्त्याकडे निघाली. पायलनं वळून संबोधी दिसते का ते पाहिलं. जीपचं दार लागलं, जीप गेली. आतून दीपानं काहीतरी विचारलं, ते बाईंना ऐकू आलं नाही. त्या दारातच उभ्या होत्या. मुठीतली साखर घामानं चिकट होऊ लागली होती, आणि ती परत बरणीत टाकावी की काय करावं, हे त्यांना सुचत नव्हतं.