उपाशीपोटी

“मॅडम, तुम्ही माणसांची लघवी मोजता ते खरंय का?”

प्रश्न शीतलचा होता, पैज दैवशालाची होती आणि उभी मी राहिले होते. हॉलमधली सगळी डोकी माझ्याकडे वळली. विज्ञानाच्या सरांनी डोळे मिटून घेतले. आपण डोळे मिटले की मी ऐकू येणार नाही, असं बहुतेक त्यांना वाटलं.

गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीसुद्धा तोंडातल्या तोंडात द्यायचे. नाव प्रियदर्शनी आणि आवाज मांजरीच्या पिल्लाचा. यंदा दहावीत गेले आणि पोरांचा फुटतो तसा माझा आवाज फुटला. आता तो बंद कसा करायचा हे कुणालाच कळत नाही, मलाही नाही.

कल्याणी मॅडम आमच्याच शाळेत शिकलेल्या. आता पुण्यात आहेत. बाजारात यायच्या आधी नवी गोळी धडधाकट माणसांना देऊन बघतात, ती अंगात कुठवर जाते आणि काय काय करते हे तपासतात, तसल्या ठिकाणी त्या डॉक्टर आहेत. करिअर मार्गदर्शनाला आल्या होत्या. त्यांनी पडद्यावर झाकणवाल्या डब्याचा फोटो दाखवला आणि तिथून आमच्या बाकावर पैज लागली.

मॅडम चिडल्या नाहीत. “मोजतो ना,” म्हणाल्या. “डब्यावर नाव असतं, वेळ असते. सांडली तर ज्याची असते तो रडत नाही, आम्ही रडतो.”

हॉल फुटला. मी खाली बसायला गेले, तर त्यांनी मला उभंच ठेवलं आणि पुढचं सगळं माझ्याकडे बघून सांगितलं. गोळी पोटात विरघळते, तिथून रक्तात जाते. थोड्या थोड्या वेळानं रक्त काढलं की कळतं, आता किती चढली, आता किती उतरली. त्यांनी फळ्यावर तो चढ-उतार काढून दाखवला. अगदी आमच्या शाळेच्या गेटसमोरचा स्पीडब्रेकर. चढली, टोकाला गेली, उतरली. उरलेली कुठून बाहेर पडते ते माझ्या प्रश्नात आलंच होतं. आणि यात कुणावर जबरदस्ती नाही. आधी सगळं समजावून सांगतात, माणूस हो म्हणाला तरच घेतात, आणि त्याला वाटेल तेव्हा कारण न सांगता तो निघून जाऊ शकतो.

मग त्यांनी एक किस्सा सांगितला. एकदा पंधरा-वीस माणसांना रात्रीपासून उपाशी ठेवून सकाळी गोळी दिली. सगळ्यांचे स्पीडब्रेकर बराबर आले. एकाचा मात्र रस्ता सपाटच. मशीन तपासलं, पुन्हा तपासलं, शेवटी त्या माणसालाच विचारलं, बाबा तू काही खाल्लं होतंस का? तो शपथेवर सांगायला लागला की मॅडम, पाण्याशिवाय काही नाही, माझा तर कडक उपास होता. उशीच्या अभ्र्यात राजगिऱ्याचे लाडू सापडले. तर म्हणतो कसा, “हे उपासाला चालतात.”

पोरी बाक बडवून हसल्या. मी हसता हसता थांबले. कारण उशी सोडली तर हा माणूस आमच्या घरी राहतो. ती माझी मम्मी आहे.

मम्मी एसटीत कंडक्टर आहे. जालना–भोकरदन तिची ठरलेली गाडी. राजूर, केदारखेडा, सगळ्या थांब्यांवरची माणसं तिला नावानं ओळखतात आणि ती त्यांना त्यांच्या भांडणांवरून ओळखते. पण दोन वर्षं झाली, तिला थायरॉईड निघाला. सारखी थकलेली, सुजलेली, झोपाळलेली. डॉक्टरांनी गोळी दिली, मग वाढवली, मग आणखी वाढवली. फरक काही नाही. गेल्या महिन्यात केदारखेड्याला माणसं उतरून राह्यली होती आणि मम्मीनं अर्ध्या झोपेत डबल बेल दिली. गाडी हलली आणि एक आजोबा पायरीवरून खाली आले. गुडघा फुटला, बाकी वाचले. तक्रार झाली. डेपोतून सांगितलं, पुढच्या चार महिन्यांत रिपोर्ट नीट आणा, नाहीतर तुम्हाला पासच्या खिडकीत बसवू.

पप्पा म्हणाले, बरंच हाय की, सावलीत काम. मम्मी तेव्हा एवढंच बोलली, “जिच्यातून निस्तं बसस्टँडच दिसतं, ती काय खिडकी हाय का?” आणि आत जाऊन झोपली. ती झोपली की मला भीती वाटायची, कारण आधी ती घरातली सगळ्यांत शेवटी झोपणारी बाई होती.

मॅडम येऊन गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी नेमकी चतुर्थी. राजूरच्या गणपतीवरून जाणारी गाडी म्हटल्यावर चतुर्थी तर धरलीच पाहिजे. मी मुद्दाम पहाटे उठून ओट्याजवळ उभी राहिले. मम्मीनं साबुदाण्याची खिचडी पुढ्यात घेतली, शेंगदाण्याचं कूट वरून आणखी घातलं, बशीत चहा ओतला आणि त्या चहाच्या घोटाबरोबर थायरॉईडची गोळी टाकली. मागोमाग हाडांसाठीची कॅल्शियमची.

“मम्मी, ती गोळी उपाशीपोटी घ्यायची असती ना?”

“मंग काय करून राह्यले मी? आज तर उपासच हाय.”

“आणि इतर दिवशी?”

“इतर दिवशीबी उपाशीच घेते. चहावरच. चहा काय जेवण हाय का?”

मी तिला मॅडमचा सगळा किस्सा सांगितला. पोटाला तिथी कळत नाही, साबुदाणा पोटात गेला की पोट त्याला खाणंच समजतं. मम्मीचं म्हणणं पडलं की साक्षात गणपतीला जे चालतं ते एवढ्याशा गोळीला का चालू नये. एवढ्यात पप्पा दात घासत आले. पप्पा, म्हणजे काकासाहेब, बियाण्याच्या कंपनीत ट्रायल प्लॉट सांभाळतात. नवं वाण आणि जुनं वाण शेजारी शेजारी लावायचं आणि कोण कसं येतं ते बघायचं, हे त्यांचं काम. त्यामुळे ट्रायल हा शब्द कानावर पडला की त्यांना घरातलं दुसरं काही दिसत नाही. त्यांनी फेस थुंकला आणि विचारलं, एका टायमाला एकच गोष्ट बदलायची का सगळ्या? खत बी बदललं, पाणी बी बदललं, तर पीक कशानं आलं ते कसं कळणार?

“पप्पा, पीक आलं पाहिजे. कशानं आलं ते नंतर बघू.”

“असं करणाऱ्याला आमचे साहेब प्लॉटवरून हाकलतात.”

“मी काय कपाशी हाय का?” मम्मी म्हणाली. पण ऐकत होती.

शेवटी ठरलं. पहाटे उठल्या उठल्या गोळी, फक्त पाण्याबरोबर. त्यानंतर तासभर चहासुद्धा नाही. कॅल्शियम या गोळीच्या वाटेत यायला नको, म्हणून ते रात्री. मी तिला नियमाप्रमाणे सगळं समजावून सांगितलं आणि तिनं नियमाप्रमाणे हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे भांड्यांचा आवाज आला म्हणून उठून बघते तर मम्मी चहा पीत होती.

“कारण न सांगता निघता येतं म्हणलीस ना? निघाले.”

एवढ्या लोकांना तिकीट देणारी बाई, तिला नियम तोंडपाठ व्हायला कितीसा वेळ लागतो. मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही. तिला ते कळलंच नाही, कारण ती घरी आल्या आल्या झोपली.

आठवड्याभरानं ती आपणहून परत आली. झालं असं, की डेपोत तिला सहज कुणी तरी पासची खिडकी दाखवली. आतली खुर्ची मोडकी, पंखा बंद, आणि खिडकीबाहेर पाससाठी भांडणाऱ्या कॉलेजच्या पोरांची रांग. घरी येऊन तिनं पिशवी ठेवली, आणि पहाटेचा चहा घरी नको, डेपोतच घेईन, असं सांगितलं. तिच्या गाडीचे ड्रायव्हर बद्रीनाथकाका तसेही गाडी सुटायच्या आधी चहा पितातच. तासाचं गणित आपोआप बसलं. गोळी तिनं उशाशी ठेवली, शेजारी तांब्या. अभ्र्यात लाडू तर नाहीत ना, ते मी रोज तपासत होते.

पंधरा दिवसांत मम्मीचा चेहरा उतरला, म्हणजे सूज उतरली. मग ती जेवणानंतर जागी राहायला लागली. मग तिनं पडदे धुतले. पप्पा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, उगवण चांगली हाय. मी शाळेत कॉलर नसलेल्या ड्रेसची कॉलर ताठ करून फिरत होते. दैवशालाला सांगितलं की मी आता ट्रायल घेते. ती म्हणाली, डबा कुठं ठेवतेस?

मग मम्मीनं तेच पडदे पुन्हा धुतले. ती वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू करायला लागली. बद्रीनाथकाकांना म्हणे सारखं जल्दी चालवा, जल्दी चालवा, आणि सुट्ट्या पैशांवरून राजूरच्या एका पुजाऱ्याशी भांडली. पहाटेची गाडी असून रात्री तिला झोप येईना. आम्हाला वाटलं, जुनी मम्मी परत आली, जरा जास्तच आली एवढंच.

एक दिवस दुपारी बद्रीनाथकाकांचा फोन आला. राजूरच्या थांब्यावर मम्मी छाती धरून खाली बसली होती. हात थरथरत होते, घाम फुटला होता, आतून कुणी ढोल वाजवतंय असं म्हणत होती. गाडी तिथंच लावून काकांनी तिला रिक्षात घालून नवीन जालन्याला आमच्या डॉक्टरांकडे आणलं. पप्पा प्लॉटवरून तसेच मातीच्या पायांनी आले. मी शाळेच्या ड्रेसमध्ये. बाकावर बसून मला दुसरं काही सुचत नव्हतं, एवढंच, की हे मी केलं.

डॉ. मुकुल सरांनी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, ती नीट आली. रक्त घेतलं. मग विचारलं, मधल्या काळात काय बदललं? पप्पा माझ्याकडे बघायला लागले, मम्मी छताकडे. मी सगळं सांगितलं. खिचडी, चहा, कॅल्शियम, लाडूवाला माणूस, सगळं. लघवीचा प्रश्न तेवढा गाळला.

सरांनी पेन टेबलावर ठेवलं. “मी उपाशीपोटी म्हणालो होतो,” ते मम्मीला म्हणाले.

“मी व्हतेच की उपाशी,” मम्मी म्हणाली.

त्यांना हसावं की चिडावं कळेना. मग माझ्याकडे वळले. “इतके दिवस गोळी निम्मी फुकट जात होती, म्हणून मी वाढवत गेलो. तू ती फुकट जाणं बंद केलंस. चांगलं केलंस. पण वाढवलेली गोळी तशीच राहिली, आता ती सगळीच्या सगळी अंगात उतरते. हे मला त्याच दिवशी येऊन का नाही सांगितलंस?”

“सुचलंच नाही,” मी गेल्या वर्षीच्या मांजरीच्या पिल्लाच्या आवाजात म्हणाले. मला वाटलं होतं, गोळी रक्तात चढली की काम झालं. चढून ती तिथं काय करते, किती चढली की बरं आणि किती चढली की ढोल, हे मी विचारलंच नव्हतं. पैज लघवीपुरतीच होती.

रिपोर्टमध्ये सरांचं म्हणणं बराबर निघालं. गोळी कमी केली, वेळ तीच ठेवली. मम्मीला सुट्टीवर घरी बसवलं. ते दिवस फार वाईट गेले, कारण डेपोची मुदत जवळ येत होती आणि मम्मी खिडकीचं नावसुद्धा काढत नव्हती. तिनं पडदेही धुतले नाहीत. चतुर्थी आली तेव्हा तिनं पहाटे पाण्याबरोबर गोळी घेतली, तासभर घड्याळासमोर मांडी घालून बसली आणि मग मला हाक मारून विचारलं, “आता खाऊ का खिचडी?” ज्या बाईनं आयुष्यात ड्रायव्हरचं ऐकलं नाही ती मला विचारत होती. मला रडूच आलं, म्हणून मी मोठ्यानं म्हणाले, खा, पण कूट कमी घाल.

मुदत संपता संपता पुन्हा रक्त तपासलं. सगळं जागच्या जागी. सरांनी चिठ्ठी दिली, डेपोतल्या साहेबांनी ती वाचली आणि मम्मी परत गाडीवर गेली. पहिल्याच दिवशी केदारखेड्याला गुडघा फुटलेले ते आजोबा चढले. म्हणाले, बाई, आज जाग्या हाय ना? राजूरला ते पूर्ण खाली उतरून रस्त्याच्या कडेला जाईपर्यंत मम्मीनं बेलच दिली नाही. बद्रीनाथकाका वैतागले म्हणे.

हे ती संध्याकाळी जेवताना सांगत होती, आजोबा आणि काका, दोघांचे आवाज काढून. पप्पा खूश होते. हात धुऊन त्यांनी कृषी डिप्लोमाचं माहितीपत्रक ताटाशेजारी ठेवलं. दहावीनंतर दोन वर्षं, मग कंपनीत चिकटवतो, तुला ट्रायलचं डोकं हाय हे तर आता सिद्धच झालं, असं सगळं त्यांनी मांडून ठेवलं होतं. मम्मीनं मान हलवली. तिलाही ते पटत होतं. त्यांचं चुकत नव्हतंच. पण डॉक्टरांच्या दाराबाहेरच्या बाकावर मातीच्या पायांचे पप्पा आणि आत मम्मी, हे मी विसरले नव्हते. त्या दिवशी मला जे माहीत नव्हतं ते कुठल्या प्लॉटवर शिकवत नाहीत.

मी माहितीपत्रकावरून आमटीचा थेंब पुसला आणि ते पप्पांकडे सरकवलं.

“पप्पा, मम्मी, मी अकरावी सायन्सला जाणार आणि पुढं औषधाचंच शिकणार. फवारायचं न्हाई, गिळायचं.”