माझ्या पोटातली वाट

मी एक जुनी पुठ्ठ्याची इमारत आहे. पाच मजल्यांची, पण दोन हातांत मावणारी. खरं ऑफिस बांधण्याआधी ते कसं दिसेल हे दाखवायला एका आर्किटेक्टबाईंनी मला कापून, चिकटवून उभी केली.

मित्रांनो, तेव्हा मी चारही बाजूंनी बंद आणि गुळगुळीत होते. कंपनीचे साहेब म्हणाले, अगदी किल्ला झालाय. मी हरखून गेले.

बाईंचं मात्र समाधान होईना. जिथे ऑफिस होणार होतं त्या रिकाम्या जागेशेजारच्या गल्लीत त्या मला घेऊन गेल्या आणि इस्त्रीवाल्याच्या टेबलावर ठेवलं. गल्ली गोळा झाली. तिथली शिंपीण म्हाताऱ्या सासऱ्यांना हाताला धरून त्या रिकाम्या जागेतूनच पलीकडच्या दवाखान्यात न्यायची, पायाची पट्टी बदलायला. तिने मला चहूबाजूंनी न्याहाळलं.

"दिसायला छान आहे हो. पण आता मामंजींना नेऊ कुठून? मोठ्या रस्त्याने? तिथले ट्रक बघितलेत?"

"गच्चीवरून ने," इस्त्रीवाला म्हणाला. सगळे हसले, मामंजीसुद्धा. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून कटर काढला आणि तिथल्या तिथे माझ्या तळमजल्यातून आरपार वाट कापली. दुखलं, खोटं कशाला सांगू? पण पहिल्यांदाच माझ्यातून वारा गेला.

साहेब भडकले. ऑफिस आहे की धर्मशाळा, असं म्हणत त्यांनी वाटेच्या तोंडावर पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवला. बाईंनी सोलून काढला. त्यांनी पुन्हा चिकटवला, बाईंनी पुन्हा काढला. उद्या कोणीही आत शिरेल, राखण कोण करणार, हे साहेबांचं म्हणणं.

"वाटेला लागून दुकानाचे गाळे काढू," बाई म्हणाल्या. "एक शिंपिणीला द्या. दिवसभर मशीनवर बसलेली असते, तिच्या नजरेतून मांजरसुद्धा सुटत नाही. भिंतीला डोळे असतात का, साहेब?"

तिसरा तुकडा साहेबांच्या हातातच राहिला.

खरी इमारत उभी राहिली, वाटेसकट. मामंजी आता एकटेच दवाखान्यात जातात. दुकानातून सुनेची नजर असते, तेवढी पुरते.

मग मला कोण विचारतंय? मी कपाटावर गेले. अंगावर फायली पडल्या, एक कोपरा चेपला. परवा नव्या साहेबांनी मला खाली काढलं. दर्शनी दालनात काचेच्या पेटीत ठेवायचंय म्हणे.

"उंदराने कुरतडलंय इथे," माझ्या वाटेच्या तोंडावर बोट ठेवून ते म्हणाले. "तेवढं बुजवून घ्या."

उंदराने म्हणे! त्यांच्याच खिडकीखालून तेव्हा मामंजी काठी टेकत चालले होते.

मित्रांनो, मोठे होऊन तुम्ही कुठे काही बांधाल, तेव्हा तिथून आधी कोण चालत होतं ते विचारा. आणि माझी निगा राखायची असेल, तर धूळ पुसा, कोपरा सरळ करा. वाटेला हात लावायचा नाही. पेटीवाचून माझं काही अडत नाही. फायलींखाली राहीन, पण बंद होणार नाही.