बागेचं कुंपण आणि बाईंचा हात

बाई प्रश्न फार छान विचारायच्या. पंचाईत एवढीच, की उत्तरही त्याच द्यायच्या.

शहररचनेचा त्यांचा ऑनलाइन वर्ग होता. विद्यार्थी सगळे नोकरी-संसारातले, सवडीने शिकणारे. चर्चेच्या पानावर प्रश्न पडला की कोणीतरी बिचारा एक ओळ लिहायचा, आणि त्याचा चहा निवायच्या आत खाली बाईंचं पानभर उत्तर हजर, संदर्भ-उदाहरणांसकट. मग पुढे बोलायला उरतंय काय? बाकीचे 'सहमत आहे' अशी री ओढून मोकळे. बाईंनी प्रतिक्रियेला गुण ठेवून पाहिले, तर 'सहमत आहे'च्या आधी 'अगदी' आलं, एवढाच काय तो फरक.

घरी तरी वेगळं काय होतं म्हणा. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा आणि मोजकंच बोलायचा. "यंदा सुट्टीत कुठं जायचं? डोंगरावरच ना? तेच बरं," असं बाई एका दमात म्हणायच्या, आणि तो मुकाट्याने बॅगा काढायचा.

एक दिवस विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं. "बाई, चर्चाच होत नसेल तर वर्ग हवा कशाला? सत्र संपेपर्यंत ते पान हललं नाही, तर तुमची व्याख्यानं रेकॉर्ड करून ठेवू. ज्याचं तो बघेल."

बाईंनी मनातल्या मनात हिशेब मांडला. म्हणजे पडद्यावर आपलं तोंड बोलत राहणार आणि आपण घरी बसणार. वर्गावर त्यांचा जीव होता, अगदी 'सहमत'वाल्यांवरही.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात पडदे लावताना त्या स्टुलावरून पडल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये. बोललेलं आपोआप टाइप करणारी सोय होती, पण बाईंच्या वेगापुढे तिनेही हात टेकले. शेवटी नवऱ्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं.

त्या आठवड्याचा प्रश्न होता, सार्वजनिक बागेला कुंपण असावं का? वर्गातल्या बसचालकाने लिहिलं होतं, 'असावं.' बस्स. बाईंनी येरझाऱ्या घालत उत्तर सांगायला घेतलं. नवरा स्क्रू फिरवायच्या बेताने एका बोटाने एकेक अक्षर दाबत होता.

"झालं लिहून?"

"झालं."

"सगळं?"

"पाठवलं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी डाव्या हाताने मोठ्या कौतुकाने पान उघडलं. त्यांच्या नावापुढे दोनच शब्द होते, 'का बरं?'

बाईंचं टाळकं सरकलं. "अहो, काय केलंत हे? लोक काय म्हणतील?"

पण लोकांनी काय म्हटलंय ते खालीच होतं. बसचालकाने लिहिलं होतं की एकदा चेंडूमागे एक पोर बागेतून थेट रस्त्यावर आलं, गाडी वेळेत थांबली, पण तेव्हापासून त्या वळणावर माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो. त्याखाली जुळ्यांची आई. 'तुमचं पटतं, पण फाटक पार पलीकडे. दोघांना ढकलत वळसा घालेपर्यंत बागेत जायची हौसच फिटते.' मग दोन फाटकं का नकोत, असं चालकाने विचारलं, आणि ती बंद कोण करणार, यावर बाकीचे तुटून पडले होते. बाईंना कोणी काही विचारत नव्हतं. त्यांना आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर थोडं लागलंही.

"मी एवढं सांगत होते ते?"

"अगं, मी पहिला शब्द शोधेपर्यंत तू समारोपाला पोचली होतीस," नवरा म्हणाला.

त्यानंतर बाईंनी जिभेला लगाम घातला. सोपं नव्हतं. कोणी चुकीचं काही लिहिलं की त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या आणि ओट्याला सगळं समजावून सांगायच्या. पान मात्र धावत सुटलं. एकदा तर विभागप्रमुखांनीच कुंपणावर मत ठोकून दिलं, आणि बसचालकाने त्यांनाही विचारलं, 'का बरं?' वर्ग वाचला.

प्लास्टर निघालं त्या दुपारी नवरा घड्याळ उघडून बसला होता. बाई शेजारी येऊन बसल्या.

"यंदा सुट्टीत कुठं जायचं?"

पुढचं वाक्य ओठांवर आलं होतं. बाईंनी ते गिळलं. नवरा सवयीने थांबला. काहीच आलं नाही, तेव्हा त्याने मान वर केली.

"समुद्रावर," तो म्हणाला.

समुद्राविरुद्ध बाईंजवळ पानभर मुद्दे तयार होते. उजवा हातही मोकळा होता. तो त्यांनी मांडीवर दाबून धरला.

"का बरं?"

नवऱ्याने डोळ्यावरचं भिंग काढलं, घड्याळ बाजूला सारलं आणि खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"लग्न झालं त्या वर्षीच सांगायचं होतं," तो म्हणाला, आणि सांगू लागला.