जिन्याखालची पहिली शिफ्ट

शनिवारी सकाळी दहा वाजता दीक्षा चाकणला, आपल्याच कंपनीत, मेंटेनन्सच्या परीक्षेला हजर झाली तेव्हा तिच्या हातात पीएलसी नव्हता.

हे वाक्य आपण वाचलंच नाही असं समजू. पीएलसी दीक्षाकडेच आहे, पिंपळे गुरवच्या घरात, टीव्हीशेजारी, आणि त्या शनिवारला अजून पाच आठवडे अवकाश आहे.

पीएलसी म्हणजे यंत्राला कधी चालायचं आणि कधी थांबायचं ते सांगणारा डबा. कंपनीत तो कुलपाच्या कपाटात असतो आणि त्याला हात लावायचा मान फक्त मेंटेनन्सवाल्यांचा. दीक्षा लाइनवर बोल्ट आवळायची, दिवसाला बाराशे. लाइन बंद पडली की मेंटेनन्सचा गणराज लॅपटॉप घेऊन यायचा, दोन बटणं दाबायचा आणि आजचा सूर्य आपणच उगवून आणला अशा चेहऱ्याने परत जायचा. दीक्षाला ते लॅपटॉपवालं काम हवं होतं. लाइनवरच्या लोकांसाठी वर्षातून एकदा परीक्षा व्हायची. अट एकच: स्वतः केलेला प्रोग्रॅम स्वतःच्या किटवर चालवून दाखवा.

निगडीच्या क्लासमध्ये तीस जणांत एक किट होतं. दीक्षाचा नंबर दोनदा लागला आणि दोन्ही वेळा लाइट गेली. नव्या किटची किंमत ऐकल्यावर तिने दुकानदाराकडे प्यायला पाणी मागितलं. शेवटी चिखलीच्या बाजूला एका भंगारवाल्याकडे, मिक्सरच्या भांड्यांखाली, सोळाशे रुपयांत एक छोटा पीएलसी सापडला. आठ इनपुट, चार आउटपुट, समोरच्याच बटणांनी प्रोग्रॅम भरायची सोय, आणि एका कोपऱ्यावर कुणीतरी चावल्यासारखी खूण. वर पॉवर सप्लाय आणि एक बझर फुकट.

"चालू आहे का?" तिने विचारलं.

"वजनाला चांगला आहे," भंगारवाला म्हणाला.

तो चालू निघाला. दीक्षाने त्याला बल्ब जोडला. बल्ब पाच सेकंद लागला, पाच सेकंद विझला.

"पप्पा, बघा."

विलासरावांनी पेपर खाली केला. तीस वर्षं कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये पत्रे दाबण्यात काढून ते गेल्या वर्षी निवृत्त झाले होते. अजूनही पहाटे पाचला उठून, दाढी करून, बूट घालून हॉलमध्ये येऊन बसायचे. जायचं कुठेच नसायचं.

"हे काय करतंय?"

"बल्ब लावतंय आणि बंद करतंय."

"ते मीही करतो," विलासराव म्हणाले आणि पेपर वर घेतला.

मुद्दा बिनतोड होता. खरं काहीतरी चालवल्याशिवाय परीक्षक हसतील, हे दीक्षालाही कळत होतं. त्याच आठवड्यात सोसायटीच्या टाकीतला, टाकी भरली की मोटर बंद करणारा फ्लोट बिघडला आणि पाणी गच्चीवरून पायऱ्या उतरत थेट सेक्रेटरींच्या दारात आलं. सेक्रेटरी कोंडाजीकाका. इमारत त्यांच्याच वावरात उभी, त्यामुळे निवडणूक घ्यायचं कुणाच्या मनातही येत नसे.

"पोरी, तुजा त्यो डबा मोटर बंद-चालू करंल का?"

"करेल काका. पण दसऱ्यानंतरच्या शनिवारी मला परीक्षेला न्यायचाय."

"न्हे की! तुजाच हाय त्यो."

दीक्षाने जिन्याखाली पत्र्याच्या पेटीत पीएलसी बसवला आणि तोंडपाठ असलेला क्लासचा प्रोग्रॅम त्यात भरला. 'कन्व्हेयर, पहिली शिफ्ट.' म्हणजे सरकत्या पट्ट्याचं वेळापत्रक: सात ते साडेतीन. साडेनऊला दहा मिनिटं चहा, बाराला अर्धा तास जेवण, प्रत्येक सुटीला बझर, रविवारी साप्ताहिक सुटी. कन्व्हेयरच्या जागी तिने मोटर जोडली, टाकीत दोन तारा सोडल्या आणि टाकी भरली की थांबायचं, एवढं वाढवलं. बाकी काही बदललं नाही. घरात दोन पिढ्या कंपनीत. चालणारी वस्तू चहाला थांबत नाही, ही शंका तिला शिवलीच नाही.

पहिल्या रविवारी नळ कोरडे. दीक्षा जीभ चावत खाली धावली, तर जिन्यात सभाच भरलेली.

"सॉरी काका, दोन मिनिटांत सुट्टी काढून टाकते."

"हात लावू नगंस," कोंडाजीकाका म्हणाले. "रविवारी कोन काम करतं? शनवारी पिपं भरून ठिवायची. शिस्त लागंल."

शिस्त लागली. साडेनऊचा बझर वाजला की चारही मजल्यांवर आधण चढायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या विजयश्रीताईंनी माहेरची माणसं येणार म्हणून मोटरीला दोन तास ओव्हरटाइम मागितला. तो कारण अपुरं म्हणून नाकारला गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या अंबूबाईंनी उभ्या जन्मात कंपनी आतून पाहिली नव्हती, पण आळंदीला जाताना त्या जिन्याखाली थांबून गेटपास मागू लागल्या.

गेटपास द्यायला माणूस लागतो. विलासरावांना खुर्ची, शिट्टी आणि रजिस्टर मिळालं. ते सातला पाच कमी असताना बूट वाजवत खाली उतरायचे आणि साडेतीनला वर यायचे, घामाचा थेंब नसतानाही दमलेले. जेवताना सांगायचे, "आज लोड होता."

खंडेनवमीला कोंडाजीकाकांनी पेटीला झेंडूची माळ घातली, पीएलसीवर हळदीकुंकू वाहिलं, पेढे वाटले. विलासरावांच्या घरी पूजाबिजा नव्हती, पण प्रेस शॉपमधले खंडेनवमीचे पेढे त्यांनी तीस वर्षं खाल्ले होते, तसा हाही खाल्ला. दसरा झाल्यावर दीक्षा पीएलसी मागायला गेली.

"पुजल्यालं यंत्र जागंवरनं हलवायचं नसतं," कोंडाजीकाका म्हणाले.

"काका, तुम्हीच म्हणाला होता 'ने'!"

"तवा पुजल्यालं नव्हतं."

"मी नवा फ्लोट आणून बसवते. स्वस्तात येतो."

"फ्लोटाला च्याची येळ कळती व्हय?"

दुसऱ्या दिवशी कंपनीत लाइनवर शेजारी उभा राहणारा विक्की म्हणाला, "अगं, स्क्रू काढ आणि घेऊन ये. तुझीच वस्तू, चोरी कसली राव?"

शुक्रवारी तीन वाजता दीक्षा स्क्रूड्रायव्हर घेऊन जिन्याखाली गेली. विलासराव खुर्चीत होते. बुटांना ताजं पॉलिश. त्यांनी आधी स्क्रूड्रायव्हर पाहिला, मग घड्याळ.

"शिफ्ट संपायला अर्धा तास आहे."

"पप्पा, परीक्षा उद्या आहे."

"माहितीये. काढ. मी अडवत नाही." ते खाली वाकले आणि घट्ट बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधू लागले. एका नाडीला लागावा त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला.

"हे काढल्यावर तुम्ही काय करणार?"

"बसेन की हॉलमध्ये. हॉलला काय झालंय?"

दीक्षाने पहिला स्क्रू अर्धा फिरवला. मग तेवढाच उलटा फिरवून घट्ट केला.

"पप्पा, तुमच्या कंपनीत मशीन बाहेर न्यायचं असलं तर काय करायचे?"

विलासराव सरळ झाले. "अर्ज," ते म्हणाले, आणि आवाजात एकदम प्रेस शॉप आलं. "लेखी. तीन प्रती. आणि बदली माणूस दिल्याशिवाय सोडायचंच नाही."

अर्ज त्यांनीच सांगितला, दीक्षाने लिहिला. कोंडाजीकाकांनी तो दोनदा वाचून पोच दिली आणि सांगितलं, की मंजुरी अध्यक्षांची, आपण नुसते सेक्रेटरी. अध्यक्ष चार वर्षांपूर्वी फ्लॅट विकून गेले होते आणि ती जागा तेव्हापासून रिकामी होती. तेव्हा ते पहिलं वाक्य आता वाचायला हरकत नाही. अर्ज असा:

"प्रति, मा. अध्यक्ष. विषय: पीएलसीस रजा मिळणेबाबत. महोदय, सदर पीएलसी आपल्या सोसायटीत रुजू झाल्यापासून साप्ताहिक सुटी वगळता एकदाही गैरहजर राहिलेला नाही, तसेच त्याच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. अर्जदारास मेंटेनन्स विभागाच्या परीक्षेस सोबत नेण्याकरिता त्यास उद्या, शनिवारी, एक दिवसाची पगारी रजा मंजूर व्हावी. बदली कामगार म्हणून अर्जदाराचे वडील श्री. विलास हे गच्चीवर उभे राहून टाकीत पाहतील व मोटर हाताने चालू-बंद करतील. चहाच्या वेळी ते थांबतील. तरी सदर पीएलसीची सेवा अखंड धरून त्यास सोमवारी पहिल्या शिफ्टला पूर्ववत रुजू करून घ्यावे, ही नम्र विनंती."