न सापडलेली भिंगरी

"पोर लपलेलं ठेवून पुस्तक मिटू नये, बाई," म्हातारे चित्रकार तिला म्हणाले होते. "सापडलं, की मगच 'समाप्त'."

लेखिका तेव्हा हसली होती. "काका, कागदावरची पोर ती! तिला काय भूक लागणार आहे?"

भिंगरी तिच्या लपाछपीच्या पुस्तकांची नायिका. दोन शेंड्या, एक मोजा कायम घसरलेला. प्रत्येक पुस्तकात ती घरात कुठेतरी लपायची आणि शेवटच्या पानावर सापडायची. लेखिकेची रीत ठरलेली: आधी लपायची जागा ठरवायची, काकांच्या कानावर घालायची, मग उलट्या बाजूने गोष्ट विणत यायची. पुस्तकं हातोहात खपली, शाळांमधून बोलावणी आली. शेवटच्या पुस्तकाच्या वेळी मात्र तिचे दिवस भरत आलेले, पाय सुजलेले, जीव मेटाकुटीला आलेला. प्रकाशक म्हणाले, "या खेपेला सापडूच नका देऊ. पोरं पुढच्या पुस्तकासाठी जीव टाकतील." तिच्या ते पथ्यावरच पडलं, जागा शोधायचे कष्ट वाचले. काकांनी शेवटच्या पानावर नुसती रिकामी खोली काढली.

पुढचं पुस्तक आलंच नाही. लेक झाली, मागोमाग तिची दुखणीखुपणी. पुस्तकांची खोकी माळ्यावर गेली.

लेक चार वर्षांची झाली, तेव्हा एका दुपारी ती अर्धं बिस्किट पडद्यामागे सरकवताना दिसली.

"कुणाला गं?"

"भिंगरीला. तिला कुणी शोधायलाच येत नाही."

लेखिकेने पडदा सरकवून बघितला. ते पुस्तक तिने लेकीला कधी दाखवलंच नव्हतं.

"शाळेत बघितलं असेल," नवरा म्हणाला. "कमाल आहे तुझी! गोष्टी तूच रचायच्या आणि घाबरायचंही तूच!"

दोन दिवसांनी लेक दिसेना. हाका मारमारून घसा बसला, सगळं घर पालथं घातलं. शेवटी धुवायच्या कपड्यांच्या टोपलीत सापडली, चादरींच्या तळाशी, घामाने निथळत.

"ओ का नाही दिलीस?" लेखिकेने तिला गदागदा हलवलं.

"ओ दिली की खेळ संपतो. भिंगरी म्हणाली, उद्या तिच्या जागेत यायचं. तिथे आई पण शोधू शकत नाही."

लेखिकेने काकांना फोन लावला. "काका, ती लपली होती कुठे? चित्र काढताना तुम्ही काहीतरी मनात धरलं असेल ना?"

"मी काय धरणार? जागा तुम्ही सांगायची, मी काढायची. त्या खेपेला सांगितलीच नाहीत. राज्य अजून तुमच्यावरच आहे, बाई."

त्याच संध्याकाळी ती नवं शेवटचं पान लिहायला बसली. पलंगाखाली सापडली, लिहिलं. शेजारी ठोकळे रचणारी लेक मान वर न करता म्हणाली, "तिथे नाहीये." दाराआड, लिहिलं. "तिथे पण नाही." लेखिका काय लिहितेय, हे तिला दिसतसुद्धा नव्हतं.

शेवटी नव्या आवृत्तीत त्या रिकाम्या खोलीच्या चित्राखाली छापायला तिने प्रकाशकांना एवढंच लिहून पाठवलं:

'हे पुस्तक तुमच्या घरात असेल, तर पडद्यामागे, कपाटात, कपड्यांच्या टोपलीत एकदा बघा. एक मोजा घसरलेली मुलगी दिसली, तर मोठ्याने म्हणा, "सापडलीस गं, ये बाहेर." मला ती सापडत नाहीये. आणि घरात तुमचं स्वतःचं मूल असेल, तर आधी त्याला हाक मारा. ओ येईपर्यंत पान उलटू नका.'